आयेच्या रात्याला करपा

१४ जुलै

शीतल,

वर 'प्रिय' लिवलं नाय, लक्षात घे. विसरलो नाय, मुद्दाम लिवलं नाय.

फोन का करत नाय म्हणून विचारशील. फोनवर मी एक बोलतो, तू 'बरं' म्हणतेस, मंग माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस. कागदाला मधेच ठेवता येत नाय. आणि कागदावर आवाजपण चढत नाय, नुसतं अक्षर बिघडतं.

तुला ताप आला होता? मला आज कळलं. कुणाकडून, तर तुझ्यासाठी नोंदी घ्यायला येणाऱ्या त्या शहापूरच्या ऋतिककडून! आपल्या खाचरातल्या तुझ्या प्लॉटच्या बांधावर उकिडवा बसून रोपं बघता बघता सहज बोलला, "शीतलला ताप होता, आता बरी आहे." नुसतं शीतल. ना मॅडम, ना वहिनी. मी फावडं तिथंच टाकलं. म्हटलं, "तुला कोण बोललं?" तर म्हणे, "रोज बोलणं होतं ना आमचं, प्लॉटचं." रोज! हैदराबादच्या लॅबमधून रोज त्याच्याशी बोलायला तुला टाइम आहे, आणि नवऱ्याला 'ताप आलाय' एवढं कळवायला नाय.

मी जळतोय असं समजू नकोस. मी फक्त सांगतोय.

तुझा निरोप त्यानं पोचवला. प्लॉटवर फवारणी करायची नाय, कडेच्या ओळींना करपा लागला तरी लागू द्यायचा, उलट युरिया जास्त मारायचा म्हणजे चांगला लागंल आणि मधल्या ओळींतल्या आयेच्या भाताची परीक्षा होईल. वा! शेतकऱ्याच्या पोराला सांगतेस, रोग पोस म्हणून. गावात काय काय बोलतात ते तुला ऐकायला नाय लागत. रविनाच्या लग्नात, उंबरमाळीला, मी चारचौघांत बोललो की माझ्या बायकोनं बुरशीशी लगीन लावलंय. सगळे हसले. तू एकटी हसली नायस आणि तिथूनच बॅग उचलून गेलीस. अजून मला कळलेलं नाय की मी त्यात खोटं काय बोललो.

आये बरी आहे. प्लॉट बघतोय मी. कंपनीतली शिफ्ट संपली की बांधावर एक चक्कर होतेच. तुझ्यासाठी नाय. जमीन माझी आहे म्हणून.

किशोर

---

१९ ऑगस्ट

शीतल,

तुझं उत्तर नाय. ठीक आहे.

कडेच्या ओळी करपल्या. तुला पाहिजे होतं तसंच झालं, पानंच्या पानं डोळ्याच्या आकाराच्या राखाडी डागांनी भरलीत. शेजारचा काळूरामदादा रोज सकाळी बांधावर येऊन उभा राहतो आणि माझ्याकडे असा बघतो की जसं मीच त्याच्या खाचरात विष ओततोय. काल बोलला, "किशोर, माझं पीक गेलं तर तुझी बायको हैदराबादवरून भात पाठवंल का रं?" मी तुझी बाजू घेऊन भांडलो. घरी येऊन मंग स्वतःवरच चिडलो, कशाला घेतली म्हणून.

मधल्या ओळींत आयेचा राता ऐटीत उभा आहे. लाल दाण्याचा तो भात या घरात तिच्या लग्नाबरोबर आला, हे ती ऋतिकला दर वेळी नव्यानं सांगते आणि तो दर वेळी नव्यानं ऐकतो. आता तर तो थेट चुलीपाशी येऊन बसतो. आये त्याला गरम भाकर वाढते, वर सुकटीची चटणी. मला शिळी. मी बोललो तर म्हणते, "पोरगा शहापूरवरून येतो रे, उपाशी."

गेल्या खेपेला मी त्याला पकडलाच. म्हटलं, बाबा, माझी बायको ज्याच्यासाठी घर सोडून गेली ते आहे तरी काय, मला सांग एकदा. त्यानं रात्याचं पान तोडलं, भिंग माझ्या हातात दिलं. बारीक तपकिरी ठिपका, मोहरीपेक्षा लहान. बोलला, बुरशी पानावर बसते, पाय रोवते आणि जोर लावून आत घुसते. घुसताना ती आपल्या अंगातून प्रोटीनं सोडते, एक नाय, कितीतरी. ती प्रोटीनं पानाच्या पेशीत शिरून तिचा पहाराच बंद पाडतात. पानाला वाटतं सगळं ठीक चाललंय. मंग बुरशी आरामात खात बसते. पण राता त्यातलं एक प्रोटीन ओळखतो. ओळखलं की पान आपल्याच आजूबाजूच्या पेशी मारून टाकतं, बुरशीला खायला काय ठेवतच नाय. म्हणून एवढासाच ठिपका, पुढं काय नाय.

मी म्हटलं, "म्हणजे गोड गोड होऊन घरात शिरायचं, घरच्यांना कळू द्यायचं नाय, आणि आतून खायचं?"

"बरोबर, दादा! एकदम बरोबर."

"आणि ते तू मला सांगतोस? माझ्याच चुलीपाशी बसून?"

भाकर त्याच्या हातातच राहिली. आये मला बोलली, "काय रे तुझी जीभ!" मी त्याला सांगून टाकलं, यापुढं वहिनी म्हणायचं. आता तो तुला फोनवर वहिनी म्हणत असेल तर कळव. म्हणत नसेल तरी कळव.

किशोर

ता. क. ते पान मी मंग परत एकदा बघितलं, एकटा असताना. स्वतःलाच मारून वाचायचं, हे मला पटलं नाय. पण डोक्यातून जात नाय.

---

२८ सप्टेंबर

शीतल,

रात्याला करपा लागला.

तुला माहीत आहेच. माझ्याआधी तुला कळलं. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

प्लॉटच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात चार-पाच रोपांवर ठिपके मोठे झाले, मधे राखाडी, कडेला तपकिरी. आयेला दाखवलं. तिनं पान हातात धरलं, उलटसुलट केलं, आणि बोलली, "ह्याला कधी लागत नव्हता रे." बस, एवढंच. जेवली नाय त्या दिवशी. मला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, युरिया जास्त मारला म्हणून झालं. मला वाटलं तू रडशील.

ऋतिक आला, कोपऱ्यात वाकला आणि एकदम उडीच मारली. तिथूनच तुला फोन लावला. मी मागं उभा होतो. तू हसलीस, शीतल. त्याच्या फोनमधून मला चांगलं ऐकू आलं. इतकी मोकळी, इतकी खुश, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आयेचा भात आजारी पडला आणि तू हसलीस! आणि एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याच बोलण्यावर तू तशी हसली नायस, तेही मला तिथंच कळलं. कशाला खोटं बोलू. जळलो. पार आतपर्यंत जळलो. ऋतिकवर नाय. त्या डागावर.

त्यानं मला समजावलं. ज्या प्रोटीनवरून राता चोर ओळखायचा, ते प्रोटीन या बुरशीनं सोडणंच बंद केलं असावं. ओळखच पटंना, मंग मारणार कुणाला? हेच तू दोन वर्षं शोधत होतीस म्हणे. बुरशी आपला वेष कसा बदलते ते आपल्याच खाचरात सापडलं. ही बुरशी जिवंत हाती लागली तर तुझ्या तिथल्या मॅडम तुला आणखी तीन वर्षं ठेवून घेणार. नाय लागली तर काम तिथंच थांबणार आणि तू घरी.

हे त्यानं आनंदानं सांगितलं. मी आनंदानं ऐकलं असं त्याला वाटलं असेल.

त्यानं पानं तोडून पाठवली ती वाटेत भिजून कुजली, हेही त्यानंच सांगितलं. डागाची चांगली पानं तेवढीच होती; आता कापणीला आल्यावर लोंबीची मान काळी पडेल, मानमोडी, तीच सुकवून पाठवायची, तीच शेवटची आशा. कोपऱ्याला लाल फडकी बांधलेल्या काठ्या रोवल्यात. मला दहा वेळा बजावून गेला, "दादा, इथं कुणालाच हात लावू द्यायचा नाही." मी हो म्हटलं.

तीन वर्षं म्हणजे किती गो? तू मोजलीस का?

किशोर

---

२९ ऑक्टोबर

शीतल,

ऋतिकनं तुला सांगितलं असेलच की सगळं गेलं. त्यानं कसं सांगितलं मला माहीत नाय, म्हणून मी माझ्या तोंडानं सांगतो.

परवा शहापूरला काम होतं. म्हणजे तहसीलला. तहसीलला काय काम नव्हतं. मी ऋतिकच्या घरी गेलो होतो.

आये सहज बोलून गेली की तो हैदराबादला चाललाय, नवीन बॅग घेतलीय. मला काय झालं कुणास ठाऊक. डोक्यात तिडीक गेली. शिफ्ट बुडवली, मोटरसायकल काढली आणि सुटलो. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं. दारात त्याची आई, चंद्रकलाबाई. तो घरी नव्हता. तिनं बसवलं, चहा ठेवला. कोपऱ्यात ती बॅग. मी तिच्याकडं बघत बसलो. शेवटी विचारलंच, हैदराबादला कशाला जातोय तो?

ती बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, तुझी बायको आहे ना, त्याच जागेसाठी हापण गेला होता मुलाखतीला. तिला घेतलं, ह्याला नाय. दुसऱ्या नंबरावर राहिला. आल्यावर चार दिवस धड जेवला नाय. आता तिथंच दुसरीकडं कुठंतरी मुलाखत आहे.

शीतल, मला इतका आनंद झाला! माझं मलाच नवल वाटलं. तो तुझ्यावर भाळलेला नाय गो, तो तुझ्यावर जळतोय! माझ्यासारखाच! चहा मी बशीत ओतून फुर्र करून प्यालो आणि अजून एक मागितला. घरी येताना गाणं म्हणत आलो.

आणि घरी आलो तर खाचर मोकळं.

तू इथली सून आहेस, सावड तुला माहीत आहे. आज ह्यांच्यात, उद्या त्यांच्यात, ज्याची पाळी त्याचं रान सगळ्यांनी मिळून कापायचं, मालक घरी असो नसो. परवा पाळी माझी होती. मी विसरलो. ऋतिकच्या बॅगेच्या नादात पार विसरलो. आये दवाखान्यात गेली होती डोळ्यांचं बघायला. काळूरामदादा, अंजूवहिनी आणि बाकीचे सकाळीच आले, मी दिसलो नाय म्हणून उलट जास्त जोर लावून कापलं. बायको घरात नाय, आये म्हातारी, पोरगा कंपनीत राबतो, त्याचं आपण करून टाकू, असं बोलून. कडेच्या ओळी, मधल्या ओळी, कोपरा, सगळं एकत्र. सगळ्याचे भारे, सगळे भारे एका खळ्यावर, झोडून मोकळे. तुझ्या काठ्या चहाच्या चुलीत गेल्या.

काळूरामदादा खळ्यावर उभा होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसऱ्या तोंडानं. "केलं बघ तुझं," बोलला. मी त्याच्या पाया पडलो आणि जेवायला वाढलं सगळ्यांना.

मी मुद्दाम केलं नाय. हे तुला खरं वाटायला पाहिजे. मला स्वतःलापण सारखं सांगावं लागतंय.

किशोर

---

८ नोव्हेंबर

शीतल,

तुझं पत्र मिळालं! पहिलंच. चारच ओळी, पण तुझ्या हातच्या. "असू दे. चूक कुणाचीच नाही. मॅडमना सांगितलं आहे. पंधरा तारखेला निघते आहे, कल्याणला उतरेन."

मी ते आयेला वाचून दाखवलं. दोनदा. तिनं विचारलं, "मंग माझ्या रात्याला काय झालं ते आता कुणालाच कळायचं नाय का?" मी म्हटलं, आये, सून येतेय ते बघ ना!

तुझं टेबल पुसून ठेवलंय. वाशिंदच्या तुझ्या बाबांना फोन केला. कल्याणला मी येतो गाडीवर. ये लवकर. आता काय बोलायचं ते समोरच बोलू.

प्रिय शीतल, असं वर लिवायचं राहिलं. इथं लिवतो.

किशोर

---

१० नोव्हेंबर

प्रिय शीतल,

हे पत्र पोस्टात टाकलं तर ते पोचेपर्यंत तू निघून बसशील, म्हणून फोटो काढून तुझ्या फोनवर टाकतोय. अक्षर लागलं नाय तर परत वाच, पण पूर्ण वाच. मधे फोन करू नकोस.

आज सकाळी शेण टाकायला गेलो होतो, रोपांची जागा भाजायच्या राबासाठी पाला-काटक्या रचून ठेवतो त्या ढिगावर. ढिगाच्या टोकाला पेंढ्याची एक जुडी. लाल फडक्यानं बांधलेली. उचलून बघितली तर लोंब्या तशाच होत्या, झोडलेल्या नव्हत्या. आणि माना काळ्या. सगळ्या मोडलेल्या, पोचट दाणे, एक-दोन भरलेले, लाल.

अंजूवहिनीला जाऊन विचारलं. बोलली, "तो कोपरा मेलेलाच होता, त्यात काय झोडायचं? गुरांनी खाल्ला असता आजारी पेंढा, म्हणून मीच बाजूला टाकला, राबात जळंल म्हणून. फडकं हाताशी होतं, बांधलं त्यानं." मी म्हटलं बरं केलंस वहिनी. आणि परत ढिगाकडं आलो.

आता खरं लिवतो. मी ती जुडी घेऊन खाली बसलो आणि पहिला विचार आला तो हा, की हे कुणाला माहीत नाय. तू येतेयस. टेबल पुसलंय. ही जुडी जिथं होती तिथं ठेवायची, बस. माघात राब भाजताना आपोआप जळेल. मला काडीपण ओढावी लागणार नाय. मला इतकं गोड वाटलं, शीतल, की मी तिथंच बसून राहिलो.

तेवढ्यात ऋतिकची गाडी आली. त्याचा वजनकाटा राहिला होता तो न्यायला. त्यानं जुडी बघितली. वाकला नाय, उडी मारली नाय. लांबूनच बघत उभा राहिला. मंग बोलला, "दादा, तुम्ही हे जाळलंत तर मी कुणाला काही बोलणार नाही."

म्हटलं, "का रे?"

मंग बोलला, "वहिनी परत आल्या की त्यांची जागा रिकामी होते. यादीत पुढं मी आहे. मॅडमना दुसरं काम द्यायचंय त्या जागेवर, मला बोलावलंय."

बघ कसं झालं. सगळ्यांचं भलं! मला बायको, त्याला जागा. आमी दोघं त्या ढिगाच्या दोन बाजूंना उभे, आणि मधे एक जुडी. माझ्या खिशात काडेपेटी होती. मी ती बाहेरपण काढली. तो बघत होता. त्याच्या तोंडावर जे होतं ना, ते बघून मला किळस आली. मंग लक्षात आलं की माझंपण तोंड तसंच दिसत असणार.

म्हटलं, "ऋतिक, तुला काय वाटतं, ती इथं आल्यावर काय करंल?"

"घरात राहतील. शाळेत वगैरे शिकवतील."

"आणि बघंल कुठं?"

मीच सांगितलं त्याला. ती त्या कोपऱ्याकडं बघंल. रोज. भाकर थापताना, आयेच्या डोळ्यात औषध घालताना, माझ्याशी बोलताना. मी समोर बसलेला असेन आणि ती त्या बुरशीचा विचार करत असंल, जी तिला सापडली आणि हातातून गेली. आता निदान ती बुरशी जिवंत आहे, तिला शिव्यातरी घालता येतात. जाळली की मंग मी जन्मभर एका राखेवर जळत बसणार. तेवढं माझ्यानं होणार नाय गो. मी लय जळका माणूस आहे.

माझं बोलून झालं तसा तो खाली बसला आणि रडला. मी रडू दिलं. मंग आयेला हाक मारली. ती येऊन जुडीकडं बघत राहिली, आणि बोलली, "ही सुनेला दे. तिला सांग, माझा राता कुणी खाल्ला ते शोध म्हणावं."

मंग आमी दोघांनी मिळून माना कापल्या. तो शिकवत होता, गाठीच्या वर दोन बोटं, खाली दोन बोटं. प्लास्टिकमध्ये नाय, कागदात, नायतर घाम सुटून कुजतात. सगळ्या काळ्या माना कागदी पाकिटात घालून पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात.

आता डबा कोण आणणार? कुरिअरवर माझा भरवसा नाय, पानांचं काय झालं ते बघितलं. ऋतिक बोलला, "मी जातोच आहे, मी नेतो." मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो बोलला, "नाहीतर तुम्ही न्या." आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. गाडीच्या दारात उभं राहिलं, वारा लागला, आणि हात सुटला तर? त्याचा सुटेल की माझा, आमाला दोघांनाही सांगता येईना.

म्हणून दोघांनी मिळून ठरवलंय. कल्याणहून परवाची गाडी. डबा आमच्या दोघांच्या मधे. एक झोपला की दुसरा जागा. तो त्याची ती दुसरीकडची मुलाखत देईल, मी डबा तुझ्या हातात देईन आणि त्याच गाडीनं मागं फिरेन. दारात चहा दिलास तर पिईन.

माझं पोट अजून दुखतंय, हे तुला कळू दे. डबा उघडून तू जेव्हा हसशील तेव्हा मी समोरच असणार आणि मला मिरच्या झोंबणारच. ते माझं मी बघेन.

तू पंधराचं तिकीट काढलंयस ते आजच रद्द कर, शीतल. येऊ नकोस.

किशोर